खडा

दीप बंगला चौकातून वडारवाडीत वळले तेव्हा
पिशवीत चौदा पानांचा तक्ता होता:
गुलाबी फीत, एक गोरी बाई,
तिच्या छातीवर गोल फिरणारे बाण
आणि खाली ठळक अक्षरांत, लाजू नका.

तिम्मव्वा विटकर पायरीवर बसून मिश्री लावत होती.
तिनं जन्मात चोळी घातली नव्हती.
पदर हाच काय तो आडपडदा,
तोही वाऱ्याच्या मर्जीनं.
मी ‘लाजू नका’ मोठ्यानं वाचलं
आणि बाया अशा हसल्या
की सावलीतली कुत्री उठून बसली.

पुढचं पान: आरशासमोर उभ्या राहा.
आरसा पंजाएवढा, दाराच्या खिळ्याला,
नवऱ्याच्या दाढीपुरता.
त्यापुढचं: आंघोळीच्या वेळी, निवांत.
निवांत या शब्दाला कुणी हसलंसुद्धा नाही.

तीन मंगळवार असेच गेले.
चौथ्या मंगळवारी तक्ता ऑफिसात ठेवला,
रिकाम्या हातानं जाऊन बसले
आणि विचारलं,
पाटा चांगला की फसवा, कसं कळतं?

तिम्मव्वानं माझं मनगट धरून
हात पाट्यावर ठेवला.
‘तीन बोटं. नखं न्हाईत, पेरं.
कडंनं सुरू कर, गोल गोल आत ये.
दाबायचं, पन भांडायचं न्हाई.
आत खडा असला की
बोट आपसूक थांबतं.
दगूड लपवीत न्हाई काई,
मानूसच लपिवतं.’

हेच, मी म्हणाले,
अगदी हेच मला तक्त्यातून सांगायचं होतं.
पाट्यावर नाही, अंगावर.

ती गप्प झाली.
मिश्रीची डबी मिटली. झाकण नीट बसेना, पुन्हा मिटली.
मग हात पदराखाली गेला, डावीकडं,
कडेनं न फिरता, काही न शोधता
सरळ एका जागी जाऊन थांबला,
ओळखीच्या घरापाशी थांबावं तसा.
‘दिवाळीपासनं हाय,’ म्हणाली.

दवाखान्यात फलक होता:
रुग्णासोबत एकच नातेवाईक.
आम्ही सतरा जण.
दोन पंच, तीन सुना, एक तान्हं,
धाकटा जावई रिक्षाला जागा शोधत अजून बाहेरच.
डॉक्टरांनी चष्म्यावरून विचारलं,
यातलं सगळ्यात जवळचं कोण?
सगळ्यांनी एकदम पाऊल पुढं टाकलं.
टेबल सरकलं.

तपासणीचा कागद आला
त्या संध्याकाळी धीर द्यायला
मी ती म्हण काढली,
टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही.
माझं ऐकून तिम्मव्वा हळूच म्हणाली,
‘देवपन मूर्तीला आलं, बाई.
टाकी मारनारीचा
नुसता खांदा गेला.’
ही म्हण मी आता कुठंच वापरत नाही.

ऑफिसच्या फॉर्ममध्ये रकाना होता, लाभार्थी संख्या.
मी सतरा लिहिले.
मॅडमनी खोडून एक केला.
मी पुन्हा सतरा लिहिले.
तो कागद अजून ट्रेमध्येच आहे.

नव्या तक्त्यावर गोरी बाई नाही.
खरं तर तक्ताच नाही,
दोन पाटे आहेत, एक चांगला, एक खड्याचा,
ते रिक्षातून न्यावे लागतात
आणि रिक्षावाला दहा रुपये जास्त मागतो.
वाडीत त्या रोगाचं इंग्रजी नाव कुणी घेत नाही.
खडा म्हणतात.
रेणुका कुसाळकर परवा स्वतःहून आली,
दारातूनच म्हणाली,
माझं बोट थांबतंय गं.

तिम्मव्वाचा डावा खांदा अजून वर जात नाही.
शेजारणीच्या मुलींना ती पाट्यावर शिकवते,
उजव्या हातानं.
आणि शिकवून झालं की पदराच्या गाठीतून
डबी काढते, मिश्रीची,
माझ्याकडं बघत, मुद्दाम,
सावकाश दातांवर बोट फिरवते.

ते पान कसं लिहायचं
मला अजून कळलेलं नाही.
मंगळवारी जाईन. तिलाच विचारेन.