पोटखराबा

डुलुथच्या वाचनालयाचं तळघर, मार्चमधला शनिवार.
बाहेर सरोवर अजून गोठलेलं,
आत घडीच्या टेबलांवर जुने लॅपटॉप
आणि लोकांचे कर फुकट भरून देणारी निवृत्त मंडळी.
आमच्या वाट्याला आयला हायकिनेन.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने.
अजूनही चष्म्यावरून मागे बघते,
सगळे बसले का.

अश्लेषा रात्रपाळी करून आलेली,
कोटाला प्रयोगशाळेचा वास.
तिचं सगळं सरळ: पगाराचा कागद, नंबर, पत्ता.
माझ्यापाशी येऊन गाडी थांबली.
नंबर नाही. इथला पगार नाही.
धंदा?
जमीन मोजतो, म्हणालो.
इथे?
नाही. हिंगणघाटला मोजायचो.

तिने रकान्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

तिकडचा सात महिन्यांचा पगारही दाखवायचा होता.
डॉलरात तो असा आकसला
की आयलाने दोनदा विचारलं,
एखादं शून्य राहिलं का?

मग दिवसांचा हिशोब.
ज्या सालचा कर त्या सालचे दिवस पुरते,
आदल्या सालचा तिसरा हिस्सा,
त्याच्याही आधीचा सहावा.
एकशे त्र्याऐंशी भरले की माणूस इथला.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
अकरा वर्षं भावाभावांत हेच वाटत आलो:
सोळा आणे, पाच आणे चार पै,
दोन आणे आठ पै.

लग्नानंतरचे आमचे पहिले तीस दिवस
दोन आणे आठ पैने पाच भरले.
त्या पाचांत कुठले आले?
डाळ करपून धुराची घंटा वाजली
आणि उणे वीसमध्ये खिडकी उघडून
आम्ही टॉवेल हलवत हसत उभे होतो,
तो दिवस धरला का?

पुढचे बिनपगारी रजेचे एकशे वीस, त्यांचे चाळीस.
रजा संपली, परत गेलो, पंधरा महिने पुन्हा बांधावर उभा राहिलो,
राजीनामा दिला, चौदा ऑगस्टला इथे उतरलो.
तिथून एकशे चाळीस.
एकूण एकशे पंच्याऐंशी.
दोन जास्त, आयला म्हणाली, शाब्बास,
जणू मी धावत आलो होतो.

सातबाऱ्यावर एक आकडा असतो, पोटखराबा.
नाला, खडक, विहिरीची जागा, गाडीवाट.
क्षेत्रात धरतात, आकार लागत नाही.
सहाशे बारा चौरस फूट घरात
(अश्लेषाच्या शिवणाच्या टेपने मोजलेलं)
दिवसभर मी स्वतःला तोच आकडा लावत होतो.

अवलंबितांच्या रकान्यात माझं नाव
मीच घरून लिहून आणलं होतं,
व्हिशाच्या कागदांवर तोच शब्द आहे म्हणून.
आयलाने खोडलं.
मुलं असतात, म्हणाली, म्हातारे आईबाप असतात.
नवरा नसतो. कायद्यातच नाही.
तुझं नाव वर येतं, तिच्या नावापाशी.

नंबरासाठी पासपोर्ट टपालाने ऑस्टिनला जाईल,
परत यायला आठवडे लागतील. चालेल?
तोवर मला कुठे जाता येणार नाही.
कुठे जायचंय?
अश्लेषा डोळे मिटूनच म्हणाली.

तिला माहीत नाही.
अठ्ठावीस डिसेंबरचं नागपूरचं तिकीट
पैसे न भरता चोवीस तास धरून ठेवलं होतं मी.
सकाळी ती आली, बूट काढायचे म्हणून खाली बसली
आणि तशीच झोपली, एक बूट पायात.
तो काढला. चहा टाकला. मुदत कधी टळली कळलं नाही.
त्या दिवशी निघालो असतो तर एकशे ब्याऐंशी.
शेताच्या मोजणीत एवढी तूट आम्ही सोडून देतो.

दोघांनी सही करायची होती.
पेन थंडीने आखडलेलं, अश्लेषाने फुंकर घालून चालतं केलं,
जांभई देत सही केली, माझ्याकडे सरकवलं.
मी नेहमीसारखी केली, नकाशाखाली करायचो तशी,
आणि शेजारी उत्तर दाखवणारा बाण
काढता काढता थांबलो.