सतरा नंबर

चांग शहरावर सकाळी आठपर्यंत धुकं असतं.
मी कुलूप काढते तेव्हा उंदीर जागेच असतात,
सहा पिंजरे, प्रत्येकात सहा,
शेपटीवर निळ्या शाईचे आकडे.
चार दिवसांत पुसट होतात. पुन्हा गिरवते.

आधी त्यांना आजारी पाडावं लागतं.
महिनाभर खारट पाणी, वर साखर,
आमच्या लग्नांत पाहुण्यांना वाढतात
जवळपास तेच.
मग कागदावर रेघ चढते, एकशे चाळीस, साठ, सत्तर,
आणि डॉक्टर झेबाझे समाधानानं म्हणतात,
"आता सुरू करू."

पानं मा त्सोप्मोनं दाखवली, टेकडीमागची.
पहाटे तोड, म्हणाली.
झाडाला आधी सांग कुणासाठी नेतेस,
मग ओंजळ भरेपर्यंत अवाक्षर नाही.
किती पानं, विचारलं, तर तिनं ओंजळच पुढे केली.
मी ती काट्यावर रिकामी केली: एकोणतीस ग्रॅम.
दुसऱ्या खेपेला चौतीस.
"माणूस बघून," ती म्हणाली.

रजिस्टरात 'न बोलता'साठी रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: तोडणी, पाच वाजून दहा.

वाळवायचं, दळायचं,
तीन दिवस अल्कोहोलात भिजवून गाळायचं, आटवायचं.
चार किलो पानांचं शेवटी बशीच्या तळाशी
काकवीसारखं काळपट हिरवं
एवढंसं उरतं.
वीज गेली की फ्रीजवर गोणपाट टाकून
आम्ही दारात उभे राहतो,
जणू आत कुणी बाळंत होतंय.

नळीनं पाजायचं. शेपूट कोमट करायची,
तिच्यावर अंगठीएवढा पट्टा.
भ्यायलेल्या जनावराचा दाब हा भीतीचाच दाब,
म्हणून नळकांड्यात शिरल्यावर दहा मिनिटं
कुणी काही करायचं नाही.
त्या दहा मिनिटांत मी बोलायचे.
घरभाडं. टोमॅटोचा भाव.
भाऊ दुसऱ्यांदा नापास झाला आणि घरी खोटं बोलला ते.
सतरा नंबर नाक बाहेर काढून ऐकायचा.

चौथ्या आठवड्यात आकडे जुळवले.
अर्कवाले उतरले. गोळीवाले उतरले.
नुसतं पाणी प्यायलेले जिथल्या तिथे,
एक सोडून:
एकशे अडुसष्ट, बावन्न, एकोणचाळीस,
एकशे सव्वीस.

डॉक्टरांनी चष्मा पुसला.
"बाटल्यांची अदलाबदल?"
बाटल्या मीच भरते.
मान खाली घालून सांगितलं, मी बोलते त्यांच्याशी.
बराच वेळ ते गप्प. मग, "सगळ्यांशी?"
"सगळ्यांशी. पण तो ऐकतो."

पेन्सिलीनं त्यांनी सतरावर आडवी रेघ ओढली,
खोडली, पुन्हा ओढली.
कागदाला तिथे राखाडी डाग पडलाय.

रविवारी माणसांचा पट्टा घेऊन टेकडीमागे गेले.
मा त्सोप्मोचा दाब एकशे ब्याण्णव.
"तुझीच पानं का नाही घेत?"
"स्वतःसाठी तोडलेली लागू पडत नाहीत.
आणि मला कोण तोडून देणार?"
मग पट्ट्याची गुंडाळी करत, सहज:
"तुझे उंदीर बरे झाले?"
"झाले. बरेचसे."
"मग सोडलेस रानात?"

अहवालात त्यासाठी एक शब्द असतो,
धुऊन इस्त्री केलेला.
तिच्या भाषेत, जी माझ्या आईचीही आहे,
मला तो सापडेना.
सतराचं काळीज मीच तोललं होतं.
शून्य पूर्णांक नऊ ग्रॅम.
शेजारच्यांपेक्षा काही वेगळं नव्हतं.

सोमवारी, पाच वाजून दहा.
पिशवीत दवाखान्यातल्या गोळ्यांची पट्टी होती,
एवढी मी अडाणी नाही.
झाडाला सांगितलं कुणासाठी ते.
ओंजळ भरली, काटा घरीच होता.
धुक्यात काही दिसत नव्हतं, पानं बोटांनीच ओळखायची.
तोडताना बोलायचं नव्हतं.
तेवढंच जड गेलं.