घर क्रमांक ऐंशी

एर्मेक, आधी वरचा आकडा वाच.
कपाटाच्या दाराला चिकटवून शाई फिकी झालीय,
बोट ठेव, घासू नकोस.
ऐंशी.
हा घराचा क्रमांक. आत प्रोटॉन किती, एवढंच सांगतो,
आणि ओळख तेवढ्यावरच ठरते.
एक कमी केलास तर सोनं.
हसू नको, खरंच. डावीकडचा शेजारी सोनं आहे,
भिंतीला भिंत लागून,
पण आपल्या हैदरकानात त्या भिंतीला
कुणी भोक पाडल्याचं मी ऐकलं नाही.

आता अक्षरं. एच मोठा, जी लहान.
जी मोठा काढलास तर सायरागुल बाई अर्धा गुण कापतात.
आपण म्हणतो सीमाप, रशियन तक्त्यावर र्तूत,
ही दोन अक्षरं दोघांनाही ओळख देत नाहीत.
ती जुनी, ग्रीकांकडून आलेली: पाणी-चांदी.
पण सीमाप तरी काय? सीम चांदी, आब पाणी.
न भेटलेली माणसं एकाच थेंबावर वाकली
आणि एकच बोलली.

खाली वजन. दोनशे दशांश पाच नऊ.
पाच नऊ कुणाचं, विचारतोस ना? कुणाचंच नाही.
असा एकही अणू सापडायचा नाही. ती सरासरी.
तू अकरा, मी एकोणीस, आई त्रेचाळीस, बाबा एक्कावन्न:
आपल्या घराचं वय एकतीस.
एकतीसचं इथं कोण बसलंय, दाखव.

न्यूट्रॉन हवेत? गोल कर, दोनशे एक,
वजा ऐंशी. पेन्सिलीने कर,
विजेच्या बिलामागे नको, ते भरायचंय अजून.

वर बघ, जस्त. आपल्या बादलीवरचं.
मध्ये कॅडमियम, मग हा. एकाच उभ्या ओळीतले,
म्हणजे बाहेरच्या खोलीत दोघे-दोघेच इलेक्ट्रॉन,
तरी ते दोघे ठेवल्या जागी राहतात
आणि हा घरंगळतो.
उणे एकोणचाळीसला गोठतो म्हणे.
आपल्याकडे जानेवारीतही एवढी थंडी नाही.
त्याला कधी झोप लागायची?

आवाज कमी कर. बाबा आत पडलेत.

पेला ते अर्धाच भरून घेतात.
पाहुण्यांना वाटतं, जुनी रीत:
अर्धा पेला, पूर्ण मान.
बावीस वर्षं भट्टीपाशी, हे पाहुण्यांना कोण सांगणार.
भरलेला पेला हातातून
मांडीवर येतो, एवढंच आपल्याला ठाऊक.

ते कुठे लिहिलंय?
मीही शोधलंय. तुझ्याएवढी असताना,
खालच्या टिपांत, कोपऱ्यातल्या रंगांच्या यादीत.
निळा म्हणजे द्रव. बास.
चौकट अंगठ्याएवढी असते रे.

वही मिट. नाही, थांब,
पालकांची सही राहिली.
आईकडे नको नेऊस या वेळी, बाबांकडेच जा,
वही घट्ट धर त्यांच्यासाठी.
ज वाकडा येईल.
येऊ दे. बाईंचे वडीलही तिथेच होते.