एकशे वीस

बावीस पायऱ्यांची उभी शिडी, मग झाकण, मग गच्ची.
पाच दिवस झाले, टमाले शहर दिसत नाहीये.
उत्तरेकडून हरमटान सुटलाय,
अख्खं वाळवंट पीठ होऊन हवेत थांबलंय
आणि बँकेच्या इमारतीचं हे यंत्र
ते नाकानं ओढतंय.

मुख्य स्विच खाली. माझं कुलूप. किल्ली खिशात.
"मग हात आत, वुम्पिनी. आधी नाही."
उस्ताद नेइंदोवनी पहिल्या दिवशी शिकवलेलं.
तेव्हा ते माझ्या आधी शिडी चढायचे.

पंखा लगेच थांबत नाही,
निघतो म्हणून उठलेल्या पाहुण्यासारखा
उंबऱ्यात उभा राहून बोलतच राहतो.

दार उघडलं. बारा फिल्टर,
पांढरे लावलेले, विटकरी झालेले.
पहिला निघेचना, ओल्या गोणीसारखा आत फुगलेला.
ओढला तर मांडीवर ओंजळभर सहारा.

नोंदवही दाराच्या आतल्या बाजूला, पेन दोरीला.
फिल्टरवरचा दाब:
मार्च, एकशे वीस. एप्रिल, एकशे वीस.
पावसाळाभर एकशे वीस.
डिसेंबर, धूळ सुरू झाल्यावरही, एकशे वीस.
खाली तीच सही, शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब.

मापकाचा काटा शून्यावर.
नळी निसटून लोंबत होती,
तिच्या तोंडात कोळ्यानं घर केलेलं.
जुनं घर. कोळीही सोडून गेलेला.

मी पालथ्या बादलीवर बसले.
डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात,
इथं ती अकरा महिने लोकांच्या नाकात जात होती.
खालून राहिनातूचा फोन, काउंटरवरून:
"बाई गं, गार हवा कधी?"
येतेय, म्हटलं.

नळी फुंकून बसवली. फिल्टर परत जागेवर. मिनिटभर चालू केलं.
काटा चढला, चढला,
तीनशे चाळीसला जाऊन थरथरला.
बंद. कुलूप. किल्ली. खिसा.

मग नुसतं काम.
कॉइलच्या मुडपलेल्या पात्या कंगव्यानं विंचरल्या,
शाळेला उशीर झालेल्या पोरीचे केस विंचरावेत तशा, जरा रागानंच.
बेअरिंगला ग्रीसचे दोन दाब, तिसरा नाही;
फार लाड केले की सील फुटतं.
उरलेलं बोट फडक्याला पुसलं, आणि टाचांच्या भेगांना
डबीतलं शिया बटर. रंग जवळपास एकच.

पट्टे दोन. एक बरा होता.
तरी दोन्ही बदलले.
नवा आणि जुना एकत्र बांधले
की सगळा भार नवाच ओढतो,
जुना नुसता सोबत फिरतो.
हेही त्यांनीच सांगितलेलं.

पाण्याचं ताट कोरडं, तळाशी भेगाळलेला चिखल.
या दिवसांत हवेला घाम येत नाही.
वाकड्या नळीत माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी ओतलं,
नाहीतर गटाराचा वास सरळ दंतवैद्याच्या खुर्चीत.

चालू. नवे फिल्टर. पंचाण्णव.
वहीत लिहिलं: आधी ३४०, नंतर ९५.
वरच्या ओळींना हात लावला नाही.
खाडाखोड करायला पेन उचललं होतं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी त्यांच्याकडे.
अंगणात गिनी कोंबड्या भांडत होत्या.
उस्ताद खुर्चीत, डावा गुडघा उशीवर,
फडक्यात गुंडाळलेला, एखाद्या तान्ह्यासारखा.
चहा आला. तोंडात कचकच, सगळ्यांच्याच.
बराच वेळ कोंबड्यांकडे पाहिलं आम्ही.

"किती होता?"
"तीनशे चाळीस."

त्यांनी उशी सरळ केली. ती सरळच होती.
मग कप खाली ठेवत, माझ्याकडे न बघता,
"वाकड्या नळीत पाणी घातलंस?"

घातलं, म्हटलं.
"किती?"
अर्धी बाटली.

"पूर्ण घालायची," ते म्हणाले.
"या हवेत अर्धी पुरत नाही."