पात्र नाही

सकाळी सातला, ऊन अजून पत्र्यावर चढायचं होतं,
तेव्हा पडद्यावर एक चौकोन उघडला. अगदी सभ्य भाषेत:
नवी आवृत्ती उपलब्ध आहे.
आपला संगणक तिच्यासाठी पात्र नाही.

पात्र नाही.
रेशनच्या खिडकीवर ऐकलेला शब्द,
घरकुलाच्या यादीखाली वाचलेला.
आता टेबलावरच्या डब्यालाही लागू.

भिशी उचलून घेतला होता, धाकटीच्या बारशाआधी.
धाकटी नववीत आहे.
तेवढ्यात त्यानं सातशे टॉवेल, दोनशे चादरी,
कुठल्याशा पुढाऱ्याच्या सत्काराची शाल
आणि विजापूरकडच्या एका मठाचा हत्ती
घरं मोजून मोजून काढला.
पंख्यात कापसाची पिंज अडकते.
मी दात घासायच्या जुन्या ब्रशानं ती काढते,
तो खोकतो, आणि चालतो.

नव्यात काय आहे म्हणे?
रंग आपोआप भरतात.
मागच्या बाजूचे लोंबते धागे तेच शोधतं, तेच बांधतं.
मला नकोच ते, असं म्हणायला आवडलं असतं.
हवंय.
रोज रात्रीचे अडीच तास वाचले असते.
शिवाय सुरतेचा व्यापारी जी फाइल पाठवतो
ती नव्यातच उघडते; माझ्याकडे
मोराच्या जागी प्रश्नचिन्हं नाचतात.

नवी पेठेत वाहिदभाईनं डबा उघडला, फुंकर मारली.
"मशीन ठणठणीत हाय की, ताई.
पण त्यात ती चिप नाय."
कोणती?
"तीच. जी नाय."
हसला, आणि मग हसला नाही. चहा मागवला.
नव्याचे पासष्ट हजार.
जुन्याचे आठशे, तेही ओळखीत.

घरी आले तर तिसरा माग चालू होता,
पुठ्ठ्याच्या कार्डांवर.
दोऱ्यानं शिवलेली, कडा तेलानं काळ्या,
साल कुणालाच आठवत नाही.
माग त्यांना काही विचारत नाही.
छिद्र असलं तर सुई जाते,
नसलं तर थांबते.
मी तिथंच उभी राहून रागावणार होते;
रागाला जागा बरी होती,
खडखडाटात कुणाला ऐकू गेलं नसतं.

पण ती कार्डं मल्लेशमची.

आठवड्यातून तीनदा यायचा,
पंच आणि हातोडी फडक्यात बांधून.
हा कॉम्प्युटर आला त्या दसऱ्याला
नाना म्हणाले, तूच सांग त्याला, मला जमायचं नाही.
मी सांगितलं. चांगल्या शब्दांत.
अगदी सभ्य.
तो म्हणाला,
"माझं एक तरी छिद्र चुकलं का, अम्मा?"
चुकलं नव्हतं.
पुढं एकदा भद्रावती पेठेत दिसला.
शेंगा विकत होता की विकत घेत होता,
मी नीट बघितलं नाही.

रात्री पुन्हा तोच चौकोन.
त्याखाली दोन बटणं: अधिक माहिती,
नंतर आठवण करा.
मी दुसरं दाबलं.

मग जाऊन तिसरा माग थांबवला.
मोराच्या मानेपाशी एक कार्ड उसवलं होतं,
शिवायचं होतं.
सुईत दोरा ओवायला
हल्ली मला चष्मा लागतो.