पायाळू

मी पायाळू जन्मलो.
आधी पाय, मग बाकीचा मी, आईच्या जिवावर बेतून.
आमच्याकडे म्हणतात, पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं
की त्याला जमिनीखालचं धन दिसतं.
सहा वर्षांचा होतो, रिसोडच्या एका सोनारानं
मला अमावास्येला खांद्यावर बसवून चिंचेखाली नेलं.
काही दिसलं नाही.
डोळे मात्र आठवडाभर झोंबत होते.

आता चौतिसाव्या वर्षी
ब्रिटिश सरकारच्या पगारावर तेच काम करतो.
अंजनाच्या जागी पिवळा डबा, खांद्याला पट्टा,
काचेआड थरथरणारा काटा.

ऑर्कनी. स्कॉटलंड संपतं, मग समुद्र, मग हे.
झाड नाही. कुंपणंसुद्धा दगडी फरशांची, उभ्या रोवलेली.
जूनमध्ये रात्री अकराला बाहेर उभा राहून
मी वहीतले आकडे वाचतो, दिव्याशिवाय.
वारा असा, की पान धरायला तिसरा हात हवा.

डबा बोलतो. साध्या दगडावर
पाल चुकचुकावी तसा, अधूनमधून.
म्हणजे नुसती शंका.
पण कड्यातली ती काळी रेघ आली
की तापल्या तेलात मोहरी पडते.
मग मी थांबतो, लाल खूण करतो,
आणि गुरं मान वर करून माझ्याकडे बघतात.

मी काय शोधतो ते सगळ्यांना माहीत आहे.
फाटकाफाटकावर पाटी: नाही.
नुसतं नाही. कशाला, ते लिहायचीही गरज नाही.
विली फ्लेट त्याच्या रानात पाय ठेवू देत नाही,
पावसात भिजताना दिसलो तर ट्रॅक्टरवर घेतो,
आणि हद्दीबाहेर सोडतो,
बरोब्बर एक पाऊल बाहेर.

गुप्तधनावर नाग बसलेला असतो म्हणायचे.
इथे मार्गारेट इस्बिस्टर बसलेली असायची.
तिच्याच घरी माझी खोली, नाश्त्यासकट.
रोज संध्याकाळी दाराबाहेरच्या फरशीवर
मोजे विणत, होड्यांकडे बघत.
कुणाच्या होडीकडे, ते मी विचारलं नाही.

एकदा डबा बंद करायचा विसरलो.
तिच्या अंगणात शिरलो आणि तडतड उठली.
कड्यात नाही, ओढ्यात नाही,
ती बसली होती त्या फरशीत
महिन्याभरातला सगळ्यात मोठा आकडा.

सुया थांबल्या. "काय म्हणतोय तो?"
म्हटलं, तुमच्या फरशीत आहे थोडं.
"वाईट?"
इतक्यानं काही होत नाही, मी म्हणालो.
मग परत एकदा म्हणालो.
"सासऱ्याच्या आज्यानं आणलेली ही, किनाऱ्यावरून.
म्हणजे शंभर वर्षं हेच म्हणत असणार.
कुणी ऐकलं नव्हतं, एवढंच."
आणि टाके चुकले म्हणून
तिने ओळ उसवली, पहिल्यापासून मोजायला घेतली.

त्या रात्री, म्हणजे त्या उजेडात, वही उघडून बसलो.
आकडा गाळणं सोपं होतं.
नकाशावर एक घर, एक कोरा चौकोन,
लंडनमध्ये कुणाला कळलं असतं?
लिहिला.
चांगुलपणानं नाही, नोकरीच्या भीतीनंही नाही बहुतेक.
आकडा होता.

सकाळी तिला सांगितलं.
तिने अंडं उकडलं, रोजच्यासारखं, पिवळं मऊ ठेवून.
मग पावाच्या डब्याखालून कागद काढला.
अर्ज. खाण नको म्हणून.
वर पोस्टातली बाई, शाळामास्तर,
विलीची तिरकी सही, मातीच्या बोटासकट.
चष्मा सापडला, पेन सापडेना.
तिने हात पुढे केला.

मी खिशातलं दिलं. आकडा लिहिलेलं तेच.
तिने पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं धरून, सावकाश,
फुंकर घालून शाई वाळवली,
टोपण घट्ट लावून पेन माझ्या बशीशेजारी ठेवलं.

"वारा पडलाय आज," म्हणाली,
"पश्चिमेकडे जाऊन ये.
तिकडचं अजून राहिलंय तुझं."