दहा वाजता, म्हणजे चार

इथे उजाडलं की तास मोजायला घेतात.
सातला एक म्हणतात, आठला दोन.
पहिल्या वर्षी मी जिथे तिथे सहा तास चुकले.
एका लग्नाला तर पोचले तेव्हा
बाकं उचलून नेत होते,
नवरीच्या मावशीने मला
पातेल्याच्या तळाचा भात उभ्याउभ्या वाढला.
वधस्तंभाच्या दिवशीचे तासही असेच मोजलेले, उजाडल्यापासून.
सहाव्या तासाला अंधार पडला
हे मी लहानपणापासून ऐकत आले,
भर दुपार असते ती, हे इथे येऊन कळलं.

बीबी न्यान्झोबे दर गुरुवारी दहा वाजता येते,
म्हणजे माझ्या मनगटावर चार.
हातात काठी, कमरेला खोचलेलं पत्र.
गेइताच्या खाणीतून तिच्या लुहेंडेने पाठवलेलं,
तिसरं वर्ष लागलं त्याला.
दुसरं आलं नाही.
घड्यांवर कागद विरत चालला, तेव्हा
मी मागून चिकटपट्टी लावून दिली.

"वाच, मुली."
मी पन्नाशीची मुलगी
चष्मा पुसते, वाचते:
आई, मी बरा आहे. खाणीत पाणी शिरलंय.
छपराचे पत्रे पुढच्या महिन्यात पाठवतो.
कोंबड्या विकू नकोस.
कोंबड्यांपाशी ती दर वेळी हसते.
कोंबड्या केव्हाच गेल्या, एक मुंगसाने,
बाकीच्या दवाखान्याच्या बिलात.
मग चहा. बाहेर किनाऱ्यावर वाळूत
चांदीच्या भुशासारखी मासळी वाळत घातलेली.
दगा म्हणतात तिला.
माझ्या भाषेत या शब्दाचा अर्थ
मी बीबीला कधी सांगितला नाही.

तीन महिन्यांनी मिशनचा तक्ता येतो.
शाळा, गाठीभेटी, प्रार्थना,
आणि शेवटचा रकाना: वृद्धांना दिलेला वेळ.
तिथे मी लिहायची, तास बारा.
लिहायला काही वाटायचं नाही.
पण टेबलाखाली मनगट वळवून
काटा बघितलेले गुरुवार होते.
एकदा वह्या तपासायच्या राहिल्या होत्या
म्हणून भराभर वाचून टाकलं.
ती थांबली.
"छपराचे पत्रे राहिले," म्हणाली.

मार्चमध्ये मला तापाने धरलं.
कोण आलं, कोण गेलं, आठवत नाही.
दुसऱ्या रात्री डोळे किलकिले झाले
तर कंदिलापाशी बीबी,
गोळ्यांची पुडी हातभर लांब धरून
ओठ हलवत होती:
"सकाळी चार. रात्री चार.
खाल्ल्यावर. उलटी झाली तर परत."
एकेक अक्षर, सावकाश,
पण कुठे अडली नाही.

मी डोळे मिटून घेतले.
खिळ्याला माझा एकच कप टांगलेला,
दाराशी चपलांचा एकच जोड.
कुणी ठरवलं असेल हे?
पाण्याच्या नळावर, घडे भरता भरता,
की ती परदेशी बाई एकटी जेवते,
गुरुवारी कुणीतरी जायला हवं?
आणि कारण काय सांगायचं,
तर बीबी म्हणाली असेल,
माझ्याकडे एक पत्र आहे.

प्रभू, मी तुझ्या नावाने वेळ वाटायला आले होते.
माझी झोळी कुणी भरत होतं
आणि मी हिशेब उलटा लिहीत होते.

त्या तिमाहीला तो रकाना कोराच पाठवला.
ऑफिसातून विचारणा आली, गुरुवारचे तास कुठे गेले?
मी कळवलं, इकडचं घड्याळ वेगळं लागतं.

पुढच्या गुरुवारी दहाला काठी वाजली.
तिने कमरेचं पत्र काढलं, माझ्यापुढे धरलं.
मी काही बोलले नाही.
ती तर कधीच बोलली नव्हती.
"वाच, मुली."
मी घड्याळ काढून साखरेच्या डब्याआड ठेवलं,
पाण्यापासून पत्र्यांपर्यंत सगळं वाचलं,
आणि कोंबड्यांपाशी आले तेव्हा
आधी मलाच हसू फुटलं.